काय यायला हवं होतं, काय येतंय

रात्रीचे पावणेअकरा झाले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर एका विद्यार्थिनीनं फोटो पाठवला. कॉलेजच्या लॅबमधल्या मॉनिटरचा, दुपारी घाईत तिरका धरून काढलेला. वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटलेली आणि अर्धा कोड त्या रेघेखाली गडप. खाली एकच ओळ होती : "मॅडम, प्रोग्राम चालत नाहीये." मी विचारलं, "काय यायला हवं होतं आणि काय येतंय?" पलीकडे टायपिंग सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग उत्तर आलं, "५ आणि ३ ची बेरीज ८ यायला हवी, ५३ येतंय." मी काही लिहिणार तोवर दुसरा मेसेज : "मॅडम, तो ५ आणि ३ नुसते शेजारी शेजारी ठेवतोय का?"

ठेवतच होता. पायथनमध्ये 'इनपुट'नं घेतलेली कुठलीही गोष्ट मजकूर म्हणून आत येते. मजकुराला मजकूर जोडला की ५३ होतात. बेरीज हवी असेल तर दोन्हींना आधी 'इंट'मधून संख्येचं रूप द्यावं लागतं. मी तिला 'इंट' एवढा एकच शब्द सांगितला. बाकीचं तिनं स्वतःच काढलं होतं, तेही प्रश्न नीट लिहावा लागला म्हणून.

तालुक्याच्या गावात मी अनेक वर्षं प्रोग्रामिंग शिकवते आहे आणि त्याहून जास्त काळ इंटरनेटवर अनोळखी माणसांचे प्रश्न वाचते आहे. अडलेल्या नवशिक्याला अनोळखी माणसांकडून मदत मिळण्याची सोय गेल्या ४५ वर्षांत कशी वाढली, कुठे आटली, आणि आपल्या मुलांपर्यंत त्यातलं किती पोहोचलं, याचा हा आढावा. तो मला अशा अनेक फोटोंमुळे लिहावासा वाटला. 'चालत नाही' या दोन शब्दांवर किती प्रश्न जागच्या जागी मरतात ते मी रोज पाहते. आणि मुलांना एकदा प्रश्न मांडता यायला लागला की त्यांचं प्रोग्रामिंगही त्याच आठवड्यात सुधारतं, हेही पाहते.

या दोन गोष्टींचा संबंध काय, हे रॉय पी या अभ्यासकाच्या १९८६ सालच्या एका लेखात वाचलं तेव्हा मला उलगडलं. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं ज्या वेगवेगळ्या चुका करतात, त्यांच्या मुळाशी एक मोठा गैरसमज असतो असं त्यांनी दाखवलं आणि त्याला 'सुपरबग' म्हटलं. यंत्राच्या आत कुठेतरी एक समजूतदार मन बसलेलं आहे आणि आपण अर्धवट सांगितलं तरी त्याला आपल्या मनातलं कळेल, हा तो गैरसमज. माणसामाणसांत असं चालतं. आई म्हणते "ते तिकडचं जरा दे गं," आणि आपण बरोबर डबा उचलून देतो. यंत्राला 'ते' कळत नाही आणि 'तिकडचं'ही कळत नाही.

नवशिका मदत मागताना नेमकी हीच चूक माणसांच्या बाबतीत करतो, असं मला वाटतं. समोरच्याला आपला स्क्रीन दिसतो आहे, कालपासून आपण काय काय करून पाहिलं ते ठाऊक आहे, असं धरून तो लिहितो. हजार मैलांवरच्या अनोळखी वाचकाला यातलं काहीच दिसत नसतं. म्हणून अपुरा प्रश्न आणि अपुरा प्रोग्राम ही एकाच घरची भावंडं. एकाची काळजी घेतली की दुसरंही आपोआप सुधारतं.

या मदतीची पहिली मोठी जागा म्हणजे यूजनेट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९८० पासून ती चालू झाली. विषयवार चर्चागट होते, त्यात सी भाषेचा एक गट होता, आणि जगभरचे जाणकार तिथे फुकट उत्तरं देत. दर सप्टेंबरात अमेरिकेत नवी विद्यार्थ्यांची फळी कॉलेजात यायची आणि तेच ते प्रश्न विचारायची. महिन्या-दोन महिन्यांत ती रीत शिकायची आणि गट पुन्हा शांत व्हायचा. १९९३ च्या सप्टेंबरापासून मोठ्या व्यावसायिक इंटरनेट कंपन्यांचे ग्राहक तिथे लोंढ्यानं येऊ लागले आणि ती शांतता परत आलीच नाही. जुन्या लोकांनी त्याला 'कधीच न संपणारा सप्टेंबर' असं नाव दिलं. ते नाव मला नेहमी थोडं लागतं, कारण आमची मुलं त्या सप्टेंबरातच जन्मली.

तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवायची, ही रीतही याच काळातली. सी भाषेच्या गटासाठी स्टीव्ह समिट यांनी १९९० पासून अशी प्रश्नोत्तरं जमवली आणि १९९५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यातला एक प्रश्न मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. 'आय'ची किंमत ७ आहे. 'आय प्लस प्लस गुणिले आय प्लस प्लस' असं लिहिलं. विचारणाऱ्याला ४९ उत्तर आलं, त्याला वाटत होतं ५६ यावं. खरं उत्तर असं की सी भाषेच्या प्रमाण नियमांनी इथे कुठलंच उत्तर ठरवून दिलेलं नाही. एकाच पदावलीत एकच चल दोनदा बदलला की कंपायलर काहीही करायला मोकळा असतो.

आता हाच प्रश्न आपल्याकडे कसा येतो ते सांगते, कारण इथे दोन जगांची गाठ बसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी परीक्षांत आणि नोकरीच्या लेखी चाचण्यांत 'खालील प्रोग्रामचं आउटपुट काय?' असं विचारून नेमकी असलीच पदावली दिलेली असते. मुलगा लॅबमध्ये चालवून पाहतो तेव्हा एक उत्तर येतं, मित्राच्या लॅपटॉपवर दुसरं येतं आणि गाइडमध्ये तिसरंच छापलेलं असतं. तो इंटरनेटवर विचारतो. तिथे त्याला सांगतात, "हा प्रश्नच चुकीचा आहे, असा कोड लिहू नकोस." उत्तर अगदी खरं असतं. पण मुलाला त्या प्रश्नाला दोन गुण आहेत. त्याच्या कॉलेजातल्या मशीनवर अजून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा टर्बो सी असतो, आणि 'क्लिअर स्क्रीन' किंवा 'गेट-सीएच' अशा ओळी बघूनच पलीकडचे लोक म्हणतात, "हा कंपायलर आधी फेकून दे." तो त्याच्या हातात नसतो. लॅबच्या मशीनवर काही बसवायचा अधिकार त्याला नाही आणि घरी कॉम्प्युटर नाही.

फोटोचंही तसंच. जगभरच्या सगळ्या मदतगटांचा नियम आहे की कोड मजकूर म्हणून द्या, फोटो देऊ नका. नियम रास्त आहे, कारण फोटोतला कोड कॉपी करून चालवून बघता येत नाही आणि शोधताही येत नाही. पण लॅबच्या मशीनवर इंटरनेट बंद आणि पेन ड्राइव्हला मनाई असेल, तर मुलीकडे फोन तेवढा उरतो. आमच्या गटात मी नियम थोडा वाकवला आहे. फोटो चालेल, पण एररची शेवटची ओळ हातानं टाइप करायची. ती ओळ टाइप करताना निम्म्या जणांच्या डोळ्यांखालून ती पहिल्यांदाच नीट जाते.

प्रश्न कसा विचारावा यावर दोन मजकूर जगभर फिरले. एक एरिक रेमंड यांनी रिक मोएन यांच्यासोबत लिहिलेला, २००१ सालचा. त्यातलं सांगणं पटण्यासारखं आहे : आधी स्वतः शोधा, मथळ्यात नेमकी अडचण लिहा, काय करून पाहिलं ते सांगा. पण त्याचा सूर दारावरच्या पहारेकऱ्याचा आहे. तो वाचून माझ्या काही हुशार मुलींनी प्रश्न विचारणंच सोडलं. दुसरा सायमन टेथम यांचा, १९९९ सालचा, दोष कसा कळवावा याबद्दलचा. 'पुटी' हा प्रोग्राम लिहिणारे तेच. त्यांचं म्हणणं साधं आहे. तुम्ही काय केलं, काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे क्रमानं सांगा. निदान करायची घाई नको, लक्षणं सांगा. डॉक्टरकडे जाऊन "मला अमुक गोळी द्या" म्हणण्यापेक्षा "दोन दिवस ताप आहे" म्हणणं बरं, तसंच. वर्गात मी हाच मजकूर समजावून सांगते, आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचा साचाही तिथूनच घेतला आहे.

मग २००८ आलं. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात स्टॅक ओव्हरफ्लो लोकांसाठी खुलं केलं. त्याआधी शोधयंत्रातून नेमका आपलाच प्रश्न सापडायचा आणि खाली उत्तर नसायचं, किंवा उत्तर पैशांच्या पडद्याआड असायचं. 'जमलं, धन्यवाद' एवढं लिहून विचारणारा निघून गेलेला असायचा. या दोघांनी गप्पा काढून टाकल्या. एक प्रश्न, त्याखाली उत्तरं, चांगल्या उत्तराला मतं, मतांचे गुण, आणि गुण वाढतील तसे अधिकार. विचारणारा एक, पण वाचणारे लाखो, हे धरूनच सगळी मांडणी केलेली. 'विम' या संपादकातून बाहेर कसं पडायचं, हा एका नवशिक्याचा प्रश्न २०१७ पर्यंत १० लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. तो विचारताना त्या माणसाला लाज वाटली असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं. वाटली असेल तर ती त्यानं बाजूला ठेवली आणि तितक्या वेळा कुणाची तरी सुटका झाली. दोन कोटींहून अधिक प्रश्नांचा हा साठा मला कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाइतका मोलाचा वाटतो. माझं स्वतःचं निम्मं शिक्षण तिथेच झालं आहे.

पण ग्रंथालय आणि शिकवणी एकाच खोलीत भरवली की काहीतरी बिनसतं. साठा स्वच्छ ठेवायचा तर दुसऱ्यांदा आलेला प्रश्न बंद करावा लागतो. नवशिक्याचा प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्यांदाच आलेला असतो, फक्त तो जुना प्रश्न आपलाच आहे हे ओळखायला लागणारं ज्ञान त्याच्याकडे नसतं. '५३ का येतंय' असं शोधणाऱ्या मुलीला 'स्ट्रिंगचं इंटिजरमध्ये रूपांतर' या मथळ्याखाली आपलं उत्तर पडलेलं आहे, हे कळावं कसं? दुसऱ्याच्या उत्तराखाली साधी प्रतिक्रिया लिहून "हे मला नीट कळलं नाही" म्हणायलाही ५० गुण लागतात. ते गुण मिळवायचे तर आधी काहीतरी चांगलं विचारायला किंवा सांगायला हवं.

आपल्या मुलांना आणखी एका गोष्टीचा धक्का बसतो. प्रश्नातलं 'नमस्कार', 'सर, कृपया मदत करा', 'आगाऊ आभार' हे सगळं तिथे कुणीतरी येऊन खोडून टाकतं. साठ्याच्या दृष्टीनं तो फाफटपसारा असतो. आपल्याकडे मोठ्यांकडे काही मागायला जाताना आधी नमस्कार घालायची रीत, आणि तोच खोडलेला पाहिला की मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. 'शंका' हा आपला इतका सरळ शब्द. आपण इंग्रजीतही 'आय हॅव अ डाउट' म्हणतो आणि पलीकडच्याला वाटतं, हा आपल्यावर संशय घेतोय. अशा बारीकसारीक ठेचांनी माणूस मागे फिरतो.

२०१६ मध्ये डेने फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक तिथे लिहायला का कचरतात याचा अभ्यास केला. त्यांना १४ अडथळे सापडले, त्यांतले ५ स्त्रियांना पुरुषांहून स्पष्टपणे जास्त जाचत होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की नव्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना आणि उपेक्षित गटांतल्या लोकांना, इथे आपलेपणा वाटत नाही. मग नव्या सदस्याच्या नावाशेजारी खूण आली, म्हणजे उत्तर देणाऱ्यानं जरा सांभाळून घ्यावं. उत्तरं देणाऱ्यांची बाजूही मी जवळून पाहिली आहे. संध्याकाळी काम संपवून बसलेला माणूस, पगार नाही, समोर एकाच गृहपाठाचे चाळीस प्रश्न, तेही जसेच्या तसे चिकटवलेले. त्याचा तोल जाणं मला समजतं. चूक व्यवस्थेच्या मांडणीत होती. शिकवायची जबाबदारी तिनं ग्रंथपालांवर टाकली.

साठ्याला वयही असतं. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली आणि 'प्रिंट'ला कंस लागू लागले. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पण २०१० साली मिळालेलं, शेकडो मतांचं, कंस नसलेलं उत्तर अजून वरच दिसतं. नवशिका ते उतरवतो, एरर येते आणि त्याला वाटतं आपल्याला कॉपी करणंही जमत नाही. याबाबत पायथन बनवणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१० आवृत्तीपासून त्यांनी एररची वाक्यंच सुधारली. आधी कंस बंद करायचा राहिला तर यंत्र भलत्याच ओळीकडे बोट दाखवून 'वाक्यरचना चुकीची' म्हणायचं. आता ते उघडा राहिलेला कंस दाखवून सांगतं की हा कधी बंदच झाला नाही. एका वाक्याच्या दुरुस्तीनं जगभरचे किती प्रश्न विचारायच्या आधीच सुटले असतील!

भाषेच्या प्रश्नाला मी आता येते. अ‍ॅटवूड यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं की प्रोग्रामरची सामाईक भाषा इंग्रजीच असावी. त्यामागे तुसडेपणा नव्हता. ज्ञान एका जागी राहावं ही इच्छा होती. पुढे त्यांच्याच संस्थेनं पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश भाषांत वेगळ्या जागा उघडल्या आणि त्या चालल्या. भारतीय भाषांपैकी एकाही भाषेत ती उघडली नाही. आपल्याकडे प्रोग्रामिंग करणारा इंग्रजी जाणतोच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आपणही धरलं. वाचता येणं आणि अडचण मांडता येणं यांत मोठं अंतर आहे. माझी मुलं इंग्रजी एरर वाचून अर्थ लावतात. पण "दुसऱ्यांदा लूपमध्ये गेलं की यादीतला शेवटचा आकडा गळतो, पहिल्यांदा नाही" हे वाक्य त्यांना इंग्रजीत लिहायला सांगा, 'लूप नॉट वर्किंग' एवढंच उतरतं. त्यांच्याकडे अचूक निरीक्षण असतं. परक्या भाषेच्या फटीतून ते बाहेर येत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं की मुलानं डोकंच चालवलं नाही.

या बाबतीत मुंबईच्या आयआयटीतला 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं आणि केंद्र सरकारच्या मदतीनं तो उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचे पाठ असतात. स्क्रीनवर इंग्रजीच दिसतं, पण समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतो. शेजारी तोच प्रोग्राम उघडून ऐकत ऐकत स्वतः करून बघायचं. प्रश्न विचारायची त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडते. कुठल्या पाठात, कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाच्या सुमारास अडलात, ते निवडून मग प्रश्न लिहायचा. 'चालत नाही' म्हणायची सोयच उरत नाही. मुलाला आपली अडचण शब्दांत मांडता आली नाही तरी जागा दाखवता येते, आणि उत्तर देणारा थेट तिथे जाऊन पोहोचतो.

लहान गटांबद्दल थोडक्यात. १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्क्को ओइकारिनेन यांनी आयआरसी बनवलं तेव्हापासून थेट गप्पांतून मदत करायची परंपरा आहे. आज तीच डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामवर चालते. उत्तर चटकन येतं आणि चटकन वाहूनही जातं. परवाचं उत्तर आज शोधून सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाचं हेच सगळ्यात मोठं दुखणं आहे. शिकवण्याच्या दृष्टीनं चांगल्या निघालेल्या जागा माणसाला माणूस जोडून देणाऱ्या आहेत. कॅटरीना ओवेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'एक्झरसिझम'वर तुमचा चालणारा कोडसुद्धा एखादा जाणकार वाचतो आणि "हे असंही लिहिता येईल का, बघा" म्हणतो. २०१४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या 'जँगो गर्ल्स'च्या कार्यशाळांत साधारण तीन जणींमागे एक मार्गदर्शक बसतो. हे प्रमाण महाग आहे खरं, पण त्याला पर्याय मला दिसलेला नाही.

आणि मग ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. पुढच्याच महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोला त्याची उत्तरं चिकटवायला बंदी घालावी लागली, कारण दिसायला नेटकी पण चुकीची उत्तरं भराभर येऊ लागली होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ते आल्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथली वर्दळ सुमारे २५ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरचे ५१७ प्रश्न घेऊन चॅटजीपीटीची उत्तरं तपासली. ५२ टक्के उत्तरांत काही ना काही चूक होती आणि वाचणाऱ्यांच्या ती कितीतरी वेळा लक्षातच आली नाही. तेव्हापासून ही साधनं सुधारली आहेत, हेही खरं आहे.

माझं मत मी इथे स्पष्ट लिहिते. रात्री दोन वाजता, मराठीत, तोच प्रश्न सातव्यांदा विचारला तरी न चिडणारं कुणीतरी मिळणं, ही माझ्या मुलींसाठी फार मोठी गोष्ट आहे. लाजेमुळे जे प्रश्न कधीच विचारले गेले नसते ते आता विचारले जातात. पण दोन गोष्टी मला झोप लागू देत नाहीत. एक, हे साधन अपुऱ्या प्रश्नाचंही काहीतरी उत्तर देतं. 'चालत नाही' म्हणून कोड चिकटवला की दुरुस्त कोड परत येतो. सुपरबगमधलं ते आत बसलेलं समजूतदार मन आता खरोखरच आल्यासारखं वाटतं, आणि 'काय यायला हवं होतं' हे मुलीला लिहावंच लागत नाही. हार्वर्डच्या सीएस५० या अभ्यासक्रमात २०२३ पासून जे साधन देतात ते मुद्दाम थेट उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारून वाट दाखवतं. ते लोक हा धोका नीट ओळखून आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे हा सगळा संवाद बंद दाराआड होतो. विमवाल्या त्या माणसाचा प्रश्न आज विचारला गेला असता तर त्याची एकट्याचीच सुटका झाली असती.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला शब्द उलटसुलट सारखाच आहे का ते तपासायचा प्रोग्राम दिला होता. पुस्तकात 'मॅडम' हा इंग्रजी शब्द असतो. त्यानं हौसेनं आपलं जुनं विलोमपद घातलं : 'रामाला भाला मारा'. मोकळ्या जागा काढल्या, स्ट्रिंग उलटी केली, ताडून पाहिली. उत्तर आलं, नाही. इंग्रजी साठ्यात शोधलं तर हजारो उत्तरं होती, सगळी त्यानं केली तीच युक्ती सांगणारी. एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारलं तर त्यानंही तोच कोड पुन्हा नीट नटवून दिला आणि उत्तर 'हो' येईल असं छातीठोकपणे सांगितलं. चालवलं, पुन्हा नाही. तेव्हा तो आमच्या गटात आला.

मी त्याला लांबी छापून बघ म्हटलं. आपण मोजली तर रा-मा-ला-भा-ला-मा-रा अशी सात अक्षरं. यंत्रानं सांगितलं चौदा. 'र' वेगळा, त्याचा काना वेगळा. उलटं करताना काना आधी आला आणि 'र' मागे पडला. शब्दाची सुरुवातच मोकळ्या कान्यानं झाली, मग जुळणार कसं? पायथनचं 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल बसवून अख्खं अक्षर एकत्र तोडता येतं, ते त्यानं दोन दिवस खटपट करून शोधलं. सात तुकडे पडले, उलटे केले, जुळले. मग त्यानं 'नमस्ते' घालून बघितलं, तर 'स्' आणि 'ते' पुन्हा वेगळे पडले. जोडाक्षर एकच अक्षर मानायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, आणि त्याचं साधन त्याआधीचं होतं. दोन दिवसांपूर्वी लूप चुकवणारा मुलगा आता मला युनिकोडच्या नियमांचा क्रमांक सांगत होता.

मी त्याला हे सगळं मराठीत लिहून, सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवायला सांगितलं. "मॅडम, माझं मराठी शुद्ध नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, शुद्धलेखन मी बघते, तू प्रश्न लिही. रविवारी दुपारी त्यानं पाठवलेल्या मजकुराची सुरुवात अशी होती :

"पायथन ३.११, विंडोज १०. 'रामाला भाला मारा' उलटसुलट सारखं आहे का ते तपासायचं आहे. मोकळ्या जागा काढल्या आहेत. 'हो' यायला हवं, 'नाही' येतंय. लांबी ७ यायला हवी, १४ येतेय."